उच्च शिक्षणाचा खर्च : साहाय्याच्या वाटा आणि वाटेवरचे कागद

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी दोन ठिकाणी गर्दी उसळते. एक महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी, आणि दुसरी तहसील कार्यालयाच्या आवारातील सेवा केंद्रापाशी. देगलूरही त्यास अपवाद नाही. या दुसऱ्या गर्दीत उभ्या असलेल्या पालकाच्या हातात पाल्याची गुणपत्रिका असते आणि मनात एकच प्रश्न असतो : पुढच्या शिक्षणाचा पैसा आणावयाचा कोठून?

या प्रश्नाचे उत्तर 'शासनाची शिष्यवृत्ती' एवढ्या दोन शब्दांत दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. उच्च शिक्षणाचा खर्च क्वचितच एका झऱ्यातून भागतो. दोन-तीन वाटांनी येणारे साहाय्य एकत्र करावे लागते, त्या वाटा योग्य क्रमाने धराव्या लागतात आणि प्रत्येक वाटेवर ठरलेल्या दिवशी ठरलेला कागद हाती असावा लागतो. योजना नाही म्हणून थांबलेल्या विद्यार्थ्यांइतकेच, योजना असूनही कागद वेळेवर नव्हता म्हणून थांबलेले विद्यार्थी आपल्या आसपास आढळतात. प्रस्तुत लेखात या वाटांची आणि कागदांची ओळख शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्तरावरील कर्मचारी यांना करून देण्याचा हेतू आहे; कारण विद्यार्थ्यास पहिला सल्ला मिळतो तो यांच्याकडूनच.

इतिहासातील एक उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शिक्षण हे या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण होय. १९१३ साली बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्यासोबत शिक्षणानंतर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करारही होता. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून बाजूस टाकलेली शिल्लक, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर.

शिष्यवृत्ती, स्वतःची मिळकत, दात्याचे साहाय्य आणि कर्ज या चारही वाटा येथे एकाच विद्यार्थ्याच्या आयुष्यात दिसतात. शिष्यवृत्तीला अटी असतात, तिला मुदत असते आणि ती संपल्यावर पुढची सोय आधीच करावी लागते, हा धडाही त्यातच आहे. ज्यांनी ही यातायात स्वतः सोसली, त्या डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीचा आग्रह धरला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, आणि ती आजही चालू आहे.

मराठवाड्यात तर शिक्षणाच्या खर्चात प्रवासाचाच खर्च पूर्वी मोठा होता. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेस होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. देगलूरचे महाविद्यालय चालविणाऱ्या संस्थेचे नाव अडत व्यापारी शिक्षण संस्था असे आहे. या गावात उच्च शिक्षणासाठी बाजारपेठ पुढे आली, ही गोष्ट त्या नावातच नोंदलेली आहे. लोकवर्गणी आणि दातृत्व ही वाट आपल्या भागाला परकी नाही.

खर्चाचे दोन भाग

साहाय्याचा विचार करण्यापूर्वी खर्चाचे दोन भाग वेगळे मांडले पाहिजेत. पहिला भाग महाविद्यालयास द्यावयाच्या शुल्काचा. दुसरा भाग राहणे, जेवण, प्रवास, पुस्तके व उपकरणे यांचा. पालक पहिल्याचीच चौकशी करतात, आणि विद्यार्थी बहुधा दुसऱ्यामुळे शिक्षण सोडतो. देगलूरहून नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथे गेलेल्या विद्यार्थ्याचे शुल्क माफ झाले, तरी खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल दरमहा द्यावेच लागते. म्हणून प्रत्येक योजनेस एक प्रश्न विचारावा : ही योजना शुल्क देते, की निर्वाह?

शुल्काचे साहाय्य

राज्य शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर करावे लागतात. त्यांतील प्रमुख योजना अशा :

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क आणि त्याखेरीज ठराविक भत्ताही मिळतो. उत्पन्न याहून अधिक असल्यास राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीची स्वतंत्र योजना आहे. तीत भत्ता नाही. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठीही आपापल्या विभागांच्या योजना आहेत.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये असून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन देते. कुटुंबातील दोन अपत्यांपुरताच हा लाभ आहे.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी मिळते.

या योजनांत काही गोष्टी समान आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास साधारणतः लाभ मिळत नाही. म्हणून यादीत नाव येण्याची वाट न पाहता घाईने घेतलेला प्रवेश पुढे चार वर्षे महाग पडतो. एकाच खर्चासाठी दोन योजनांचा लाभ घेता येत नाही. पहिल्या वर्षी मंजुरी मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हे. अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. दर व अटी वेळोवेळी सुधारल्या जातात, त्यामुळे सल्ला देणाऱ्याने चालू वर्षाचा शासन निर्णय पाहूनच सल्ला द्यावा. मोठ्या भावाच्या वेळचा नियम धाकट्या बहिणीस लागू असेलच असे नाही.

निर्वाहाचे साहाय्य

निर्वाहाचा पहिला आधार म्हणजे शासकीय वसतिगृह. तेथे राहणे व जेवण विनामूल्य असते. वसतिगृहाचा अर्ज महाविद्यालयाच्या प्रवेशाहून वेगळा करावा लागतो, हे मात्र अनेकांस उशिरा कळते. जागा मर्यादित असल्याने सर्वांना प्रवेश मिळत नाही. अशा वेळी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत भोजन, निवास व इतर खर्चासाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांसाठी ती वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यात आली आणि शहराच्या वर्गानुसार इतरत्र कमी आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागास वर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. 'नोंदणीकृत' या शब्दाकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. गावात मजुरी करणारे शंभर असतील; मुलाच्या शिक्षणाच्या वेळी उपयोग होतो तो ज्याची नोंदणी आहे त्यालाच.

याशिवाय कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या परंपरेतील 'कमवा व शिका' योजना विद्यापीठे व महाविद्यालये चालवितात. त्यातून सारा खर्च निघत नाही. परंतु वह्या-पुस्तकांचा आणि गावी येण्याजाण्याचा भार हलका होतो.

कर्ज : शेवटची वाट, पण योग्य दारातून

परत न करावयाचे साहाय्य मिळवून झाल्यानंतर जी तूट उरेल तेवढ्यापुरतेच कर्ज घ्यावे. प्रत्यक्षात क्रम उलटा होतो. शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशाच्या दिवशी हाती येत नाही. ती बऱ्याच महिन्यांनी जमा होते. प्रवेशासाठी मात्र चार दिवसांची मुदत असते. मग बाप सावकाराकडे जातो.

या घाईची किंमत एका हिशोबाने स्पष्ट होईल. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख रुपयांची तूट पडते आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने परतफेड सुरू होते. बँकेचा दर द. सा. द. शे. १० धरला, तर सरळ व्याजाने चार हप्त्यांवर अनुक्रमे ५०,०००, ४०,०००, ३०,००० आणि २०,००० रुपये, म्हणजे एकूण १,४०,००० रुपये व्याज होईल. देणे ५,४०,००० रुपये. हीच रक्कम दरमहा शेकडा तीन रुपये दराने घेतली, तर व्याज ५,०४,००० रुपये आणि देणे ९,०४,००० रुपये. मुद्दल तेच, शिक्षण तेच. फरक तीन लाख चौसष्ट हजारांचा. दोन एकर जिरायत जमिनीच्या कुटुंबात हा फरक म्हणजे जमीन राहणे आणि जमीन जाणे यांतील फरक होय. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेनुसार चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास केंद्र शासनाने २०१५ साली उभारलेल्या पतहमी निधीचा आधार आहे. म्हणून 'आधी सात-बारा आणा' असे ऐकून पालकाने परत फिरू नये. नकार असल्यास तो लेखी मागावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत देशातील निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत, आरंभी ८६० संस्थांत, प्रवेश मिळालेल्यांना विनातारण व विनाजामीन कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात सवलतकाळात तीन टक्क्यांची सूट आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणासाठी शिक्षणकाळातील पूर्ण व्याज केंद्र शासनाने भरण्याची तरतूद आहे. वरील उदाहरणात ती लागू झाली, तर देणे चार लाखच राहील. तथापि, ही सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठीही उत्पन्नाचा दाखला बँकेस वेळेत द्यावा लागतो.

देगलूरचा विशेष प्रश्न

सर्व वाटांवर लागणारे कागद थोडेच आहेत : उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते. परंतु सीमेवरच्या तालुक्यात हेच कागद मिळविणे इतर ठिकाणांपेक्षा कठीण जाते, आणि त्यास ऐतिहासिक कारण आहे.

१९५६ पर्यंत देगलूर, बोधन, बिदर, उदगीर हे सारे एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा देगलूर तालुकाच विभागला गेला. त्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून वगळून तेलुगू भाषक राज्यात गेली. आज ती तेलंगणात आहेत. लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके त्या वेळी बिदर जिल्ह्यातून आले. सीमा आखली गेली, पण सोयरिकी पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या.

आता जातीच्या प्रमाणपत्रासाठी कुटुंबाच्या वास्तव्याचा पुरावा ठराविक दिनांकाचा किंवा त्यापूर्वीचा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. यांतील पहिले दोन दिनांक राज्यपुनर्रचनेपूर्वीचे आहेत. आजोबांच्या शाळेची प्रवेश-निर्गम नोंद किंवा जुना महसुली कागद आज शेजारच्या राज्यातील कार्यालयात असू शकतो, आणि तो बहुधा उर्दूत असतो. तो शोधणे, त्याची प्रमाणित नक्कल मिळविणे आणि भाषांतर करून घेणे हे चार दिवसांचे काम नव्हे. पूर्वी पलीकडे असलेल्या गावाहून नंतर येथे स्थायिक झालेल्या कुटुंबास महाराष्ट्रातील लाभ मिळतील की नाही, हा प्रश्नही प्रवेशाच्या आठवड्यात नव्हे, तर दोन वर्षे आधी तपासला पाहिजे.

दुसरी अडचण जन्मस्थळाची. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आईचे माहेर बिदर किंवा निजामाबाद जिल्ह्यात असेल, तर मुलाचा जन्मदाखला परराज्यातील असतो आणि महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र स्वतंत्रपणे काढावे लागते. दहावीनंतर इंटरमीजिएटसाठी हैदराबाद किंवा निजामाबादेस जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की व्यावसायिक प्रवेशांत महाराष्ट्रातून दहावी व बारावी झाली आहे काय, हे पाहिले जाते.

तिसरी अडचण नावांची. या भागात 'वार' प्रत्ययाची आडनावे पुष्कळ. शाळेच्या दाखल्यावर 'वार' आहे, आधारवर नाही. वडिलांचे नाव सात-बारावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे. संगणक अशा दोन नावांना दोन माणसे समजतो. ही दुरुस्ती शाळा सोडण्यापूर्वी झाली पाहिजे; नंतर ती फार अवघड होते.

चौथी अडचण बँक खात्याची. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. दोन-तीन खाती असलेल्या विद्यार्थ्याची रक्कम वापरात नसलेल्या खात्यात पडून राहते, आणि घरी मात्र 'शासनाने दिली नाही' असा समज होतो.

वेळापत्रक

म्हणून सल्ला देणाऱ्याने रकमेपेक्षा वेळापत्रक अधिक सांगावे. नववी-दहावीत नाव, जन्मतारीख व जात यांच्या नोंदी तपासून घ्याव्यात आणि जातीचे प्रमाणपत्र काढावे. अकरावीत अधिवास प्रमाणपत्र पूर्ण करावे. बारावीत, विशेषतः विज्ञान शाखेत, महाविद्यालयामार्फत जात वैधतेचा अर्ज करावा. वडिलांच्या किंवा त्यांच्याकडील रक्तनातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास ते जोडावे. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षावर अवलंबून असतो आणि ३१ मार्चला जुना दाखला संपतो. म्हणून नवा दाखला एप्रिलमध्येच काढावा. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र हे उत्पन्नाच्या दाखल्याच्या ऐवजी चालत नाही, हे पालकांस स्पष्ट सांगावे. प्रवेश निश्चित होताच शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि आवश्यक असल्यास कर्ज, असे तीन अर्ज वेगवेगळे करावेत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्यानंतर तो महाविद्यालयाने पुढे पाठविला की नाही, हे विद्यार्थ्याने दर पंधरवड्यास पाहावे.

गावाची जबाबदारी

यातील बहुतेक कामे मोठ्या खर्चाची नाहीत. ती नेमाने करावयाची आहेत. मुख्याध्यापकाने नववीच्या वर्गातील नोंदी एका सभेत पालकांसमोर वाचून दाखविल्या, तर नावांची निम्मी भांडणे तेथेच मिटतील. ग्रामपंचायतीने एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दाखल्यांचे शिबिर भरवावे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांनी चौकशी अहवाल तेथेच द्यावा. गावात जुनी उर्दू कागदपत्रे वाचणारी वडीलधारी माणसे अजून कोठे कोठे आहेत. जुन्या कागदांचा शोध घेताना त्यांची मदत घ्यावी. बारावीस बसलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव आणि त्याच्यापुढे पाच कागदांचे पाच रकाने, एवढी एक वही ग्रामपंचायतीत ठेवली, तर रिकामा रकाना जानेवारीतच दिसेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार दाखल्यांसाठी मुदत ठरलेली आहे आणि ती टळल्यास अपिलाची तरतूद आहे. अर्जाची पावती जपून ठेवणे हे त्यासाठी आवश्यक आहे.

ज्या मुलीचे शुल्क शासन भरावयास तयार आहे, ती मुलगी एका दाखल्यासाठी वर्षभर घरी बसली, तर ते वर्ष तिच्या आयुष्यातून जाते. आणि आपल्याकडे मुलीचे एक वर्ष घरी गेले की पुढच्या वर्षी बहुधा महाविद्यालयाची नव्हे, लग्नाची बोलणी होतात. योजना मुंबईत आखली जाते, रक्कम संगणकातून जमा होते. पण ती मुलगी वर्गात पोहोचते की नाही, हे ठरते गावच्या शाळेत, चावडीवर आणि ग्रामपंचायतीच्या त्या वहीत.